आधी कोण, मग कोण

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले सर्व्हर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथल्या जुन्या स्टार्टअप स्क्रिप्टांत एक ओळ हमखास सापडायची: 'स्लीप ५'. पाच सेकंद गप्प बस, मग पुढचं काम कर. कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, तिला हात लावू नका, ती काढली की डिस्क माउंट होत नाही." पाचच का, तीन का नाहीत, हे कुणालाच ठाऊक नसे.

मशीनला डिस्क जोडली की पहिल्यांदा कळतं ते लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला. पण तिला 'डेव्ह' फोल्डरात कोणतं नाव द्यायचं, मालकी कुणाची लावायची, हे बघणारा प्रोग्रॅम कर्नलच्या बाहेर असतो. दोघं आपापल्या गतीने चालतात. कोण आधी पोचतो यावर निकाल बदलू लागला की त्याला रेस कंडिशन म्हणायचं. हा दोष मोठा लबाड. एरवी सगळं सुरळीत, एखाद्या दिवशी फसतं, आणि आपण शोधायला बसलो की पुन्हा शहाण्यासारखं वागतं.

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ मध्ये रिचर्ड गूच यांचं 'डेव्हएफएस' होतं. नावं कर्नलनेच ठेवायची, बाहेरच्यांची लुडबुड नको, असा तो विचार. ऐकायला सुटसुटीत, पण त्याच्या स्वतःच्याच कोडमध्ये शर्यती निघाल्या आणि अल व्हायरो यांनी त्याचे वाभाडे काढले. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी उलटी बाजू धरली. कर्नलने फक्त वर्दी द्यावी, नावाचं बाहेरचा 'यूडेव्ह' बघेल. पुढे २००६ मध्ये, २.६.१८ च्या वेळी, डेव्हएफएस कायमचं काढून टाकलं.

पण वर्दी द्यायची पद्धत अडचणीची होती. प्रत्येक घटनेसाठी कर्नल 'हॉटप्लग' नावाचा प्रोग्रॅम नव्याने सुरू करायचा. पेनड्राइव्ह लावला आणि लगेच उपटला, तर दोन प्रोग्रॅम सुटायचे. त्यात 'काढला' सांगणारा आधी उरकला आणि 'लावला' सांगणारा मागाहून पोचला, की नसलेल्या पेनड्राइव्हचं नाव डेव्हमध्ये ठाण मांडून बसायचं. यावर कर्नल प्रत्येक वर्दीला अनुक्रमांक देऊ लागला, आणि २००४ मध्ये के सीव्हर्स यांनी यूडेव्हला एक कायम जागा राहणारा डीमन जोडला. तो वर्द्या क्रमाने लावायचा. मधला आकडा आला नसेल तर पुढच्याला थोपवून धरायचा. नंतर वर्द्या नेटलिंक या कर्नलच्या संदेशवाहिनीवरून थेट डीमनकडे येऊ लागल्या आणि दर वर्दीला नवा प्रोग्रॅम सोडण्याची गरज संपली.

दुसरी खोड याहून बारीक होती. वर्दी यायची, यूडेव्ह डिस्कचं मॉडेल वाचायला, कर्नल उपकरणांची माहिती मांडतो त्या 'सिसएफएस'मध्ये जायचा, तर तिथली फाइल अजून तयारच नाही! मग यूडेव्हच्या नियमांत 'ती फाइल दिसेपर्यंत थांब' असं लिहायची सोय झाली. 'स्लीप ५'पेक्षा हे बरं, कारण इथे कशासाठी थांबायचं ते तरी ठरलेलं असतं. तरी ही मलमपट्टीच. खरा इलाज कर्नलमध्ये होता: आधी फायली मांडा, मग दवंडी पिटा.

माझा जीव मात्र नेटवर्क कार्डांनी खाल्ला. एका कंपनीत सर्व्हरला दोन कार्डं होती, एक मशीनशॉपकडे, दुसरं ऑफिसकडे. वीज जाऊन आली की कधीकधी 'इथ-झिरो' आणि 'इथ-वन' यांची अदलाबदल झालेली असायची. ज्या कार्डाचा ड्रायव्हर आधी उठला ते कर्नलच्या लेखी झिरो. यूडेव्हने मॅक पत्त्यावरून नावं कायम करायचे नियम आणले, पण तो एका कार्डाला 'इथ-झिरो' करायला जातो तोवर कर्नलने तेच नाव दुसऱ्याला दिलेलं. मग 'रिनेम-टू' असलं अर्धवट नाव घेऊन कार्ड लटकलेलं सापडायचं.

नाशिककराला हा तंटा नवा वाटू नये. सिंहस्थात आधी स्नान कुणाचं, यावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्त सांडलं होतं. पेशवाईत तोड निघाली ती घाटच वेगळे करण्याची: शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, वैष्णव नाशिकला रामकुंडावर. आजही तसंच चालतं. यूडेव्ह तोवर सिस्टिमडीत सामील झाला होता, आणि जानेवारी २०१३ च्या सिस्टिमडी १९७ ने हीच वाट धरली. 'इथ' ही नावं कर्नलची; यूडेव्ह त्यांच्या वाटेला जाणार नाही. तो कार्डाच्या जागेवरून 'ईएनपी३एस०' अशी वेगळीच नावं देतो. दिसायला ओबडधोबड, आणि पुष्कळांनी त्यावरून बोटं मोडली. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

डेव्हमधल्या नावांचं चक्र पुरतं उलटं फिरलं नाही, पण अर्धं फिरलं. डिसेंबर २००९ च्या २.६.३२ मध्ये 'डेव्हटीएमपीएफएस' आलं. मूळ नोंद पुन्हा कर्नल करतो; परवानग्या, मालकी आणि जादा नावं यूडेव्हकडे. दोघांच्या कामांमधली हद्द ठरायला इतकी वर्षं लागली.

तेव्हा तुमच्या कारखान्यातल्या स्क्रिप्टमध्ये अजून 'स्लीप ५' असेल, तर ती काढा. त्या जागी नेमकी कोणती डिस्क हवी ते सिस्टिमडीला अट म्हणून सांगा, आणि डिस्कची ओळख 'एसडीए'ने नव्हे, यूयूआयडीने लिहा.