वऱ्हाड : मतदार इथले, सार्वभौमत्व निजामाचे

अमरावती, दि. (विशेष प्रतिनिधी) – १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील मतदारांनी नागपूरच्या विधिमंडळात आपले प्रतिनिधी पाठविण्यास सुरुवात केली. मात्र मतपेटीतून निवडून आलेल्या या सदस्यांची गव्हर्नरला पुन्हा ‘नियुक्ती’ करावी लागे आणि अशा नियुक्त सदस्यांना निर्वाचितच मानावे, अशी तरतूद कायद्यात करण्यात आली होती. या द्राविडी प्राणायामाचे कारण एकच होते. कागदोपत्री वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. ते निजामाचे होते.

या गुंत्याचे मूळ १८५३ च्या तहात आहे. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च थकल्याने लॉर्ड डलहौसीच्या सरकारने निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ताब्यात घेतले. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मात्र राहिले. लगेचच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१–६५), लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष लागले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्या मुलखाला ‘सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात तो सोडण्यास कोण तयार होणार? दिवाण सालारजंग १८७६ मध्ये इंग्लंडपर्यंत जाऊन आले, पण वऱ्हाड काही परत मिळाले नाही.

पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी करार केला. त्यानुसार वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायम पट्ट्याने इंग्रजांकडे आले. निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते शाबूत राहिले. या सौद्यात वऱ्हाडातील रयतेला कोणी विचारले नाही. वास्तविक १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले होते, म्हणजे विचारण्याजोगी माणसे येथे होती.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले आणि अंतर्गत राजकारणाचा दुसरा पदर सुरू झाला. कापसाचा पैसा वऱ्हाडचा आणि खर्च हिंदी जिल्ह्यांवर, ही तक्रार अकोला-अमरावतीच्या पुढाऱ्यांनी सातत्याने मांडली. १ ऑक्टोबर १९३८ रोजी विधिमंडळाने स्वतंत्र विदर्भ प्रांताचा ठरावही संमत केला.

हैदराबादचा दावाही थांबला नव्हता. निजाम उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले, तेव्हा १९२६ च्या उत्तरात लॉर्ड रीडिंगने ब्रिटिश सत्तेचे सर्वश्रेष्ठत्व त्यांना स्पष्ट शब्दांत ऐकविले. हे पत्र केवळ निजामालाच नव्हे, तर सर्व संस्थानिकांना इशारा ठरले. १९३६ च्या करारात मात्र त्यांची समजूत काढण्यात आली. निजाम ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम’ झाले, युवराज आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि कारभार पूर्ववत मध्य प्रांताकडेच राहिला.

खरा पेच १९४७ मध्ये उभा राहिला. स्वातंत्र्याच्या कायद्याने ब्रिटिश सत्तेचे संस्थानिकांशी झालेले तह संपुष्टात येणार होते आणि हैदराबाद भारतात सामील व्हायला तयार नव्हते. मग ज्या तहावर वऱ्हाडचा कारभार उभा होता, तोच गेल्यावर वऱ्हाड कोणाचे? या पार्श्वभूमीवर ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, अकोला करार झाला. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख आदी नेत्यांनी संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत आणि त्यांना स्वतंत्र विधिमंडळे मान्य केली. परक्या राजाचे सावट असतानाच आपल्या माणसांशी हिश्शाची बोलणी करावी लागली, हे वऱ्हाडचे वेगळेपण.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हैदराबादचा प्रश्न निकालात निघाला. अकोला करारातील उपप्रांत मात्र कधीच अस्तित्वात आले नाहीत. १९५३ मध्ये नागपूर करार झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाडचे चारही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. आझम जाह यांचे १९७० मध्ये निधन झाले. ज्या प्रांताचा किताब त्यांनी मिरविला, तेथील एका तालुक्यावरही त्यांची सत्ता कधी चालली नाही.