संदर्भ : बिलिंग्जच्या खिडक्यांतील मेनोरा

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील बिलिंग्ज शहरात १९९३ च्या डिसेंबरमध्ये हजारो ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या घरांच्या खिडक्यांत ज्यू धर्मीयांचे मेनोरा हे चिन्ह लावले. ज्यूद्वेषाविरुद्ध अन्यधर्मीय शेजाऱ्यांनी दाखविलेल्या एकजुटीचे उदाहरण म्हणून या घटनेचा आजही उल्लेख केला जातो.

सुमारे ८० हजार वस्तीच्या या शहरात ज्यू कुटुंबे जेमतेम ५० होती. त्या वर्षी वंशश्रेष्ठत्ववादी टोळ्यांचा उपद्रव वाढला होता. ज्यू दफनभूमीतील स्मृतिशिला पाडण्यात आल्या. एका मूलनिवासी महिलेच्या घरावर नाझी चिन्हे रंगविण्यात आली. तेव्हा रंगाऱ्यांच्या कामगार संघटनेच्या सदस्यांनी ते घर विनामूल्य रंगवून दिले.

हनुक्का हा ज्यूंचा आठ दिवसांचा दीपोत्सव. या सणातील नऊ दिव्यांचा मेनोरा बाहेरून दिसेल असा खिडकीत ठेवण्याची प्रथा आहे. २ डिसेंबरच्या रात्री अशाच एका घरातील पाच वर्षांच्या मुलाच्या खोलीत खिडकीची काच फोडून काँक्रीटचा ठोकळा फेकण्यात आला. मुलगा त्या वेळी खोलीत नसल्याने अनर्थ टळला. घरावरील धार्मिक चिन्हे काढून टाकावीत, असा सल्ला पोलिसांकडून मिळाला. आपला धर्म लपवावा लागतो, हे मुलाला कसे समजवायचे, हा त्याच्या आईपुढील प्रश्न स्थानिक वृत्तपत्रातून शहरापुढे आला.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कच्या राजाने ज्यूंवर सक्तीचा असलेला पिवळा तारा स्वतः धारण केला, ही कथा एका महिला कार्यकर्तीला आठवली. ती कथा ऐतिहासिकदृष्ट्या खरी नाही. डेन्मार्कमध्ये ताऱ्याची सक्तीच झाली नव्हती. मात्र १९४३ मध्ये डॅनिश नागरिकांनी सुमारे ७,२०० ज्यूंना समुद्रमार्गे स्वीडनला सुखरूप पोहोचविले, हा इतिहास आहे. या कथेतून सुचलेली कल्पना चर्चमधील धर्मोपदेशकांनी उचलून धरली आणि मेनोराची चित्रे मुलांमार्फत घरोघरी गेली. 'बिलिंग्ज गॅझेट' या दैनिकाने पूर्ण पानभर मेनोरा छापून तो खिडकीत लावण्याचे आवाहन केले. सहा ते दहा हजार घरांनी त्यास प्रतिसाद दिल्याचा अंदाज आहे.

हल्ले लगेच थांबले नाहीत. मेनोरा लावलेल्या ख्रिस्ती घरांच्या व एका मेथडिस्ट चर्चच्या काचा फोडण्यात आल्या. काहींना दूरध्वनीवरून धमक्या आल्या. तरीही चित्रे उतरली नाहीत, उलट वाढली. एकूण किती खिडक्यांवर दगड टाकणार, असा पेच हल्लेखोरांपुढे उभा राहिला आणि हिंसेचा जोर हळूहळू ओसरला.

या मोहिमेचे मर्म सहानुभूतीपेक्षा धोक्याच्या वाटणीत होते. मूठभर कुटुंबांना लक्ष्य करणारे चिन्ह सर्वांनी स्वीकारल्याने ती कुटुंबे एकाकी राहिली नाहीत. १९९५ मध्ये या घटनेवरील 'नॉट इन अवर टाउन' हा माहितीपट अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर प्रसारित झाला. पुढे त्याच नावाने इतर शहरांतही द्वेषविरोधी उपक्रम सुरू झाले.