टाळीचं कुळ

जबलपूरच्या सराफ्यात चित्रीकरण करायचं तर दुकानांची शटरं वर जायच्या आत पोचावं. कमानिया गेटकडची वर्दळ एकदा सुरू झाली की कारागिराच्या हातोडीची बारीक टकटक स्कूटरच्या हॉर्नखाली बुडून जाते. लांब उभ्या कॅमेऱ्याच्या माइकला हातोडी आणि हॉर्न सारखेच. म्हणून कारागिराच्या सदऱ्याला कॉलर माइक, खिशात छोटा रेकॉर्डर आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. चित्र एका यंत्रात, आवाज दुसऱ्यात. त्यांची गाठ टाळीने.

या खिशातल्या डबीचं कुळ शोधत गेलं की आधी स्टुडिओच लागतो. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त नट कॅमेऱ्यासमोर गात आणि तिथेच गाणं नोंदलं जाई. पण ध्वनीचं यंत्र जडशीळ. माणसाने यंत्रापाशी जायचं, यंत्र माणसापाशी येत नसे.

ते खांद्यावर आलं स्टेफान कुदेल्स्कीमुळे. 1929 मध्ये वॉर्सात जन्मलेला हा मुलगा युद्धामुळे देशोधडीला लागून स्वित्झर्लंडला पोचला. लोझानला शिकत असतानाच, 1951 मध्ये, त्याने पहिला रेकॉर्डर बनवला. फीत फिरवायला त्यात चावीची स्प्रिंग होती, ग्रामोफोनसारखी. नाव ठेवलं ‘नाग्रा’. मराठी कानाला नगारा ऐकू येतो, पण शब्द पोलिश आहे. अर्थ ‘नोंदवून घेईल’. 1958 च्या सुमारास ट्रान्झिस्टरवरचा ‘नाग्रा 3’ आला. बॅटरीचे मोठे बारा सेल घातले की तो जंगलातही चाले.

अडचण वेगळीच होती. फिल्मला कडेने भोकं असतात, दाते तिला मोजून पुढे ढकलतात. ध्वनिफीत गुळगुळीत, ती ताणली जाते, घसरते. टाळीने सुरुवात जुळते, पण पाच मिनिटांनी ओठ आणि शब्द वेगवेगळ्या वाटेने चालू लागतात. उपाय असा निघाला की कॅमेऱ्याच्या मोटरमधून सेकंदाला 50 ठोक्यांचा विद्युतसंकेत वायरने रेकॉर्डरकडे न्यायचा आणि आवाजाबरोबर फितीवरच नोंदवायचा. पुढे स्टुडिओत ते ठोके पाहून फितीचा वेग सावरायचा. नंतर दोन्ही यंत्रांत क्वार्ट्झचे स्फटिक बसले आणि मधली वायर गेली.

आपल्याकडे मात्र खडखडणारे कॅमेरे वापरायचे आणि आवाज मागाहून डबिंगने भरायचा, अशी अनेक दशकांची रीत होती. ‘लगान’ने (2001) चित्रीकरणातलाच आवाज ठेवला तेव्हा त्याची बातमी झाली. छोट्या व्हिडिओवाल्यांपर्यंत वेगळ्या आवाजाचा हा प्रश्न 2008 मध्ये आला. कॅननचा ‘5डी मार्क 2’ सुंदर चित्र द्यायचा, पण त्याला हेडफोनची खोबण नव्हती आणि आवाजाची पातळी तो स्वतःच वरखाली करायचा. मग वेगळा रेकॉर्डर घेणं आलंच.

घेताना पाहायचं ते थोडकं. मोठा माइक लावायचा तर एक्सएलआर खोबण आणि 48 व्होल्टचा पुरवठा हवा. रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्यालाही द्यायचा तर पातळी पाहावी: लाइनचा जोरकस संकेत माइकच्या खोबणीत सोडला की आवाज फाटतो, मध्ये तो उतरवणारी केबल लावावी. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू ठेवावा, संकलनात जुळवायला तो आधार होतो.

तरी बट्टा राहतोच. ‘सराफ’ हा अरबी ‘सर्राफ’. मूळ धंदा नाणी बदलून देण्याचा. एका टांकसाळीचा रुपया दुसरीकडे पुरा चालत नसे. सराफ पारख करून फरक कापून घेई, तो बट्टा. दोन यंत्रांतले स्फटिक हीसुद्धा दोन टांकसाळींची नाणी. कॅमेऱ्याचा तास आणि रेकॉर्डरचा तास नेमका सारखा नसतो. साध्या यंत्रांत तासाभरात एखाददोन फ्रेमचा फरक सहज पडतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला न दिसणारा हा फरक तासाच्या शेवटी ऐरणीवर दिसतो: हातोडी टेकते आणि ‘टक्’ किंचित मागून येतं.

म्हणून काम आटोपल्यावर, रेकॉर्डर बंद करण्याआधी, मी पुन्हा एकदा टाळी वाजवतो. पहिल्या टाळीपासून दुसरीपर्यंतचं अंतर दोन्ही नोंदींत मोजलं की बट्टा किती बसला ते कळतं.