माहेरचा देश, सासरचे नागरिकत्व

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगर हे आज नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. श्री परमेश्वराच्या मंदिरामुळे सर्वदूर ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे जुने नाव वाढोणा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील रहिवासी ब्रिटिश हिंदुस्थानचे नव्हे, तर संस्थानचे प्रजाजन गणले जात. विवाहामुळे एखाद्या व्यक्तीचा कायदेशीर दर्जा बदलतो, ही कल्पना येथे भारतीय नागरिकत्व कायद्याच्याही आधीपासून रुजलेली आहे.

संस्थानातील नोकऱ्या स्थानिकांनाच मिळाव्यात यासाठी १९१९ मध्ये 'मुलकी' नियम लागू झाले. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला तो मुलकी. बाहेरून येऊन १५ वर्षे वास्तव्य केलेला आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे शपथेवर सांगणारा तोही मुलकी. याच नियमांत आणखी एक वर्ग होता, तो म्हणजे मुलकी पुरुषाची पत्नी. सोलापूर किंवा नगरसारख्या ब्रिटिश जिल्ह्यातून लग्न होऊन वाढोण्यास आलेल्या सुनेला १५ वर्षे थांबण्याची गरज नव्हती. पतीचा दर्जा तिला विवाहानेच प्राप्त होई. ज्या दर्जासाठी पुरुषाला सव्वा तप खर्ची घालावे लागे, तो स्त्रीला अक्षतांबरोबर मिळे. अर्थात त्यात स्त्रीविषयीच्या औदार्यापेक्षा तिला स्वतंत्र अस्तित्व नाही, ही समजूतच अधिक होती. ब्रिटिश कायदाही याच वळणाचा होता. ब्रिटिश प्रजाजनाशी विवाह करणारी परदेशी स्त्री आपोआप ब्रिटिश प्रजाजन मानली जाई. १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून सावित्रीबाई झालेल्या, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह इव्हॉन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. परमवीरचक्राची रचना त्यांचीच.

स्वतंत्र भारताने हा 'आपोआप'पणा मोडीत काढला. नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार विवाह हे नागरिकत्व नव्हे, तर नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचे केवळ एक कारण आहे. कलम ५(१)(क) चा इतिहास मात्र लक्षपूर्वक वाचावा असा आहे. मूळ कायद्यात भारतीय नागरिकाशी 'विवाहित असलेल्या किंवा पूर्वी विवाहित होत्या अशा स्त्रियां'ना नोंदणीची मुभा होती. सोनिया गांधी यांना १९८३ मध्ये याच कलमाखाली नागरिकत्व मिळाले. त्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळले. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया'ऐवजी 'व्यक्ती' हा शब्द आला, म्हणजे परदेशी जावयालाही दार उघडले गेले. त्याचबरोबर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने (अंमल ३ डिसेंबर २००४ पासून) ही अट सात वर्षांची झाली आणि 'पूर्वी विवाहित होत्या' हे शब्द गळाले.

हे गळालेले शब्द अनेकांच्या ध्यानात येत नाहीत. समजा, परदेशातून हिमायतनगरला आलेल्या सुनेच्या पतीचे सहाव्या वर्षी निधन झाले. आजच्या कलमाची शब्दरचना 'भारतीय नागरिकाशी विवाहित असलेली व्यक्ती' अशी आहे. तिच्या सरळ वाचनाने या कलमाचा आधार त्या विधवेला उरत नाही. मग राहतो तो देशीयकरणाचा सर्वसाधारण मार्ग, ज्यासाठी एकूण १२ वर्षांचे वास्तव्य लागते. मुले येथे, सासूसासरे येथे आणि कागद मात्र पुन्हा पहिल्या पानापासून, अशी ही अवस्था होय.

सात वर्षांचा हिशेबही वाटतो तितका सोपा नाही. अर्जाच्या लगतपूर्वीचे १२ महिने सलग भारतात वास्तव्य हवे आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे येथे गेलेली हवीत. शेवटच्या बारा महिन्यांत आईच्या आजारपणासाठी माहेरी जावे लागले, तर विशेष परिस्थितीत केंद्र सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सवलत देऊ शकते. ही तरतूद २०१५ मध्ये आली. आरंभापासूनच्या नोंदी नीट नसतील तर सातव्या वर्षी सारे अडते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परकीयांना सामान्यतः १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. परकीयांविषयीचे १९३९ व १९४६ चे जुने कायदे १ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाले असून त्यांची जागा 'इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अॅक्ट, २०२५' ने घेतली आहे.

विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र हा सर्व प्रकरणाचा पाया होय. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह करावयाचा असल्यास वधूवरांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. लग्नपत्रिका आणि छायाचित्रे कितीही देखणी असली तरी ती या प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत. नागरिकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे व तेथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. मंजुरीनंतर राज्यघटनेशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी लागते, आणि मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते.

ज्यांना माहेरचे पारपत्र सोडावयाचे नाही त्यांच्यासाठी 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाची सोय आहे. नोंदणीकृत विवाहास सलग दोन वर्षे झाली असल्यास परदेशी पती वा पत्नीस ते मिळू शकते. मात्र हे नाव फसवे आहे, कारण ते नागरिकत्व नाही. कार्डधारकास मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि घटस्फोट झाल्यास कार्ड रद्द होऊ शकते. पाकिस्तान व बांगलादेशचे नागरिक, तसेच ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा तेथील नागरिक होते असे लोक, या सोयीतून वगळलेले आहेत. सीमेपलीकडील वधूंना त्यामुळे दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच वर्षे काढावी लागतात. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळण्यात आले. ज्या स्त्रियांचे असे व्हिसा मिळालेले नव्हते, त्यांच्या दृष्टीने हा फरक घर आणि सीमा यांच्यातला होता.

उलट दिशेचा प्रवास मराठी कुटुंबांना अधिक परिचित आहे. अमेरिकन नागरिकाशी विवाह केल्यास ग्रीन कार्ड मिळते. परंतु ते मिळताना विवाहास दोन वर्षे झालेली नसतील, तर ते दोन वर्षांच्या अटीवर असते. ही अट १९८६ मध्ये बनावट विवाह रोखण्यासाठी आली. अट काढण्याचा अर्ज सामान्यतः दोघांनी मिळून करावयाचा असतो, त्यामुळे काही घरांत तो धाकदपटशाचे साधन होतो. छळ होत असल्यास पत्नीस एकटीने अर्ज करण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे, ही गोष्ट मुलीला निरोप देतानाच तिच्या कानावर घातलेली बरी. अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारताच कलम ९ अन्वये भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

मुलांच्या बाबतीत एक तारीख निर्णायक आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असल्यास दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. आईच्या व्हिसाची मुदत उलटून गेलेली असताना मूल जन्माला आले, तर वडिलांच्या हिमायतनगरच्या जन्मदाखल्याने त्या मुलाचे नागरिकत्व सिद्ध होत नाही.