प्रोस्टेट कॅन्सर: ओपन, लॅप्रोस्कोपिक की रोबोटिक? कोणतं ऑपरेशन निवडायचं?

बायोप्सीचा रिपोर्ट येतो. कॅन्सर आहे, पण तो प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, असं डॉक्टर सांगतात. ऑपरेशनचा विषय निघतो आणि घरात एकच प्रश्न फिरू लागतो: 'रोबोटिकच करायला हवं का? त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी?'

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. कॅन्सर ग्रंथीपुरताच मर्यादित असेल तर 'रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी' हा एक पर्याय असतो. त्यात संपूर्ण ग्रंथी आणि तिला लागून असलेली शुक्राशयं काढतात आणि मूत्राशय पुन्हा मूत्रमार्गाला जोडतात. गरज असेल तर जवळच्या लसिका ग्रंथीही काढतात.

इथे एक गल्लत हमखास होते. वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून 'टीयूआरपी' करतात. त्यात लघवीला अडथळा आणणारा भाग तेवढा काढला जातो. ते कॅन्सर समूळ काढण्याचं ऑपरेशन नव्हे.

तीन पद्धतींत फरक काय?

ओपन: बेंबीखाली एक मोठा छेद घेऊन ग्रंथी काढतात.

लॅप्रोस्कोपिक: पोटात गॅस भरून, छोट्या छेदांतून कॅमेरा आणि लांब उपकरणं आत घालतात. सर्जनसाठी ही पद्धत शिकायला अवघड.

रोबोटिक: छेद तसेच छोटे, पण उपकरणं रोबोटच्या हातांत असतात. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून ते हात चालवतो. रोबोट स्वतःहून काहीही कापत नाही.

आत जे काढलं जातं, ते तिन्ही पद्धतींत सारखंच असतं.

मग रोबोटिक सरस आहे का?

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात ओपन आणि रोबोटिक पद्धतींची थेट तुलना झाली. २०१६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये तिचे सुरुवातीचे निष्कर्ष आले, २०१८ मध्ये दोन वर्षांनंतरचे. रोबोटिक गटात रक्त कमी गेलं, रुग्ण लवकर घरी गेले. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. अर्थात, यात प्रत्येक पद्धतीसाठी एकच सर्जन होता आणि ओपन करणाऱ्याचा अनुभव बराच जास्त होता. म्हणजे मशीनइतकाच, किंबहुना जास्त, फरक सर्जनच्या हातामुळे पडतो.

ऑपरेशननंतर काय सोसावं लागतं?

साधारण एक ते दोन आठवडे कॅथेटर असतो. तो काढल्यावर खोकताना, उठताना लघवी गळणं सुरुवातीला बहुतेकांना होतं. ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंच्या व्यायामाने आणि काळानुसार ते कमी होत जातं. काहींचा त्रास मात्र कायम राहतो.

लिंगाला ताठरता देणाऱ्या नसा प्रोस्टेटला चिकटून जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये या नसा वाचवून ऑपरेशन केलं. आज तिन्ही पद्धतींत तसा प्रयत्न होतो. पण कॅन्सर नसांजवळ असेल तर त्या काढाव्या लागू शकतात. शिवाय वीर्यस्खलन कायमचं थांबतं. मूल हवं असेल तर शुक्राणू आधीच साठवून ठेवावे लागतात.

लगेच ऑपरेशन करावंच लागतं का?

नेहमी नाही. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीत १,६४३ पुरुषांना नियमित देखरेख, ऑपरेशन किंवा रेडिएशन अशा तीन गटांत विभागलं होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ वर्षांच्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमी होते. देखरेखीच्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. जास्त आक्रमक कॅन्सरला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून रिपोर्टमधला ग्लीसन स्कोअर आणि पीएसए महत्त्वाचे.

डॉक्टरांना काय विचारावं?

- माझा कॅन्सर कमी, मध्यम की जास्त जोखमीचा?
- नुसती देखरेख किंवा रेडिएशन चालेल का?
- तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशन्स केली आहेत?
- एका वर्षानंतर तुमच्या किती रुग्णांना पॅड लागत नाही?
- नसा वाचवता येतील का?
- एकूण खर्च किती आणि विम्यात किती बसेल?

ओपनमध्ये हात बसलेला सर्जन जवळ असेल, तर केवळ रोबोटसाठी कर्ज काढण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेणं शहाणपणाचं. बायोप्सीनंतर सहसा काही आठवडे थांबावंच लागतं. तो वेळ याच प्रश्नांसाठी वापरता येतो.