काळ्या फोनची तपकिरी दोरी



अमरावतीच्या घराची आवराआवर करताना माळ्यावर मामंजींच्या गादीवरचा काळा फोन सापडला. तो अकोल्याच्या मोठ्या जाऊबाईंकडे द्यायचे ठरले. पण फोटो पाहून त्या म्हणाल्या, "रिसीव्हरची दोरी रेशमाची दिसते गं. मी रेशीम सोडलंय, घरात नको." मुलगा म्हणाला, "मग प्लॅस्टिकची वायर लावू, नाहीतर भंगारात देऊन टाकू." मी म्हटले, आधी बघू तरी.

जाऊबाईंची शंका चुकीची नव्हती. आपल्याकडे मुंबई, कोलकाता आणि मद्रासला टेलिफोन एक्सचेंज 1882 साली सुरू झाली. तेव्हा प्लॅस्टिक कुठले? तारेवर धाग्याचीच वीण असे. काही भारी फोनांना रेशमाची, बाकीच्यांना सुताची. त्यातून सुतालाही कॉस्टिक सोड्याने रेशमासारखी चकाकी आणतात, म्हणून नुसत्या नजरेने फसायला होते. पुढे 1948 साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज निघाली आणि देशी फोन बनू लागले. पीव्हीसीची वेटोळी वायर नंतर रुळली.

आपल्या वऱ्हाडात फोनचे मोल कापसाच्या व्यापाऱ्याला जास्त. इथल्या कापसाच्या बाजारांसाठी 1897 सालीच कायदा झाला होता, एवढा हा व्यापार मोठा. भाव मुंबईचा, माल इथला. सरळ नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय 1960 साली कानपूर-लखनौपासून सुरू झाली. आमच्या गादीवर मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे ट्रंक कॉल बुक करून मुनीमजी ताटकळत बसत. भाव ऐकताना ते दोरी बोटाला गुंडाळत, असे सासूबाई सांगत. दोरी मधेच झिजली आहे ती त्यामुळेच असावी.

मग मी उसवलेल्या टोकाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहिला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे काळी गुठळी राहते. सूत कागदासारखे जळते, राख भुरभुरीत होते. आमचा धागा कागदासारखा जळला. कापसाचे भाव ऐकणारी दोरी कापसाचीच निघाली!

आतली तारही पाहण्यासारखी आहे. तांब्याची अगदी पातळ, चपटी पट्टी धाग्याभोवती गुंडाळलेली, हुबेहूब साडीच्या जरीसारखी. साधी तार रोजच्या वाकण्याने तुटली असती, ही वर्षानुवर्षे टिकते. पण तिला डाग देता येत नाही, उष्णतेने आतला धागा जळतो.

साफ कशी केली ते सांगते. कोणती तार कोणत्या स्क्रूला, हे आधी कागदावर लिहून घेतले. दोरी पांढऱ्या कापडावर पसरून मऊ ब्रशने वरून खाली हलकेच झाडली. वेटोळ्यांत दोन कसरी होत्या, त्या अलगद कागदावर घेऊन अंगणात सोडल्या. म्हणूनच आधी उन्हात टाकायची नाही. पाण्यात तर मुळीच बुडवायची नाही. धागा पाणी आत ओढतो आणि तांबे हिरवे पडते. गाळलेल्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, कापड घट्ट पिळून, वीत वीत पुसत गेले. मग कोरड्या कापडाने टिपून सावलीत दोन दिवस ठेवली. झिजलेल्या जागी तपकिरी सुती दोरा जवळजवळ गुंडाळून दोन्ही टोकांना टाका घातला. पीव्हीसीची वायर असती तर टोके कोरडी ठेवून कोमट साबणपाण्याने पुसली असती.

फोन आता बोलत नाही. जाऊबाईंना धागा जाळल्याचे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "स्वतः बघितलंस ना? मग आण." नंतर हळूच म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले, तेव्हा माहेरचा पहिला फोन त्यावरच आला होता."

न तपासता टाकला असता, तर आपण काय टाकले हे मला कधी कळलेच नसते.

जय जिनेंद्र.