पुण्यात बनलेला ‘राजी’ : लढाईचा गेम म्हणून कुठे जिंकतो आणि कुठे डोकं फिरवतो?

रक्षाबंधनाचा सण. जत्रेत खेळ रंगात आलेला. अचानक असुर हल्ला करतात आणि लहान मुलांना पळवून नेतात. त्या मुलांत गोलू असतो. त्याची बहीण राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी साधी पोरगी. भावाला परत आणायला ती हातात दुर्गेचा त्रिशूळ घेऊन निघते आणि तिची गाठ असते थेट महाबलासुराशी.

ही गोष्ट आहे ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेमची. तो बनवला पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने. 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये, म्हणजे ज्याला गेमिंगचं ऑस्कर म्हटलं जातं तिथे, पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं होतं. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला गेला, पण पुण्याचं नाव जगभर पोचलं.

तरीही ‘राजी’ खेळलेल्यांना विचारा. निम्मे म्हणतात ‘कडक’, निम्मे म्हणतात ‘कंट्रोलर फेकून द्यावासा वाटला’. असं का? समजून घेऊ.

आधी डंजन क्रॉलर म्हणजे काय?

डंजन म्हणजे अंधारकोठडी, तळघर. नायकाने भुयारं, पडके वाडे, देवळं धुंडाळायची, वाटेत राक्षस मारायचे, नवी शस्त्रं आणि शक्ती मिळवायच्या आणि आणखी खोल जायचं. या प्रकारचा पाया 1980 च्या ‘रोग’ने पक्का केला. त्यात दरवेळी नवं भुयार तयार व्हायचं आणि नायक मेला की सगळं पहिल्यापासून.

मग आला ब्लिझार्डचा ‘डायब्लो’. तो आधी आळीपाळीने चाल करायचा गेम म्हणून आखला होता. बनवताना तो सलग चालणारा केला गेला, म्हणजे क्लिक केलं की लगेच वार. या एका बदलाने अख्खा प्रकार बदलला. 1996 च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गेमची छाप आजही दिसते : वरून तिरका दिसणारा कॅमेरा, चहूबाजूंनी येणारे शत्रू आणि सतत चालू असलेली मारामारी.

‘राजी’ काटेकोर अर्थाने डंजन क्रॉलर नाही. इथे शत्रूच्या खिशातून शेकडो तलवारी पडत नाहीत आणि भुयारंही दरवेळी बदलत नाहीत. पण लांबचा कॅमेरा, एकामागून एक येणारी देवळं-किल्ले आणि बंद चौकात अडकून करायची लढाई हा सगळा घाट त्याच घराण्यातला आहे. भारतात हैदराबादच्या ऑगर हेड स्टुडिओचा ‘असुरा’ (2017) या प्रकाराच्या जास्त जवळचा.

‘राजी’ची ताकद कशात?

पहिली गोष्ट, लढाईची कल्पना. राजी कसरत करणारी आहे आणि हे फक्त गोष्टीत सांगून सोडलेलं नाही. ती भिंतीवर धावत जाऊन उलटा वार करते, खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतीच्या सगळ्यांना लोळवते. म्हणजे चौकातला खांब हे शोभेचं सामान नाही, ते हत्यार आहे. पात्राचा धंदा आणि लढायची पद्धत इतकी जुळलेली फार कमी ठिकाणी दिसते.

दुसरी गोष्ट, शस्त्रं. त्रिशूळ, धनुष्य, पुढे तलवार-ढाल. प्रत्येकाचा पल्ला आणि वेग वेगळा. घोळक्यात त्रिशूळ कामी येतो, लांबच्या शत्रूला धनुष्य.

तिसरी गोष्ट, रूप. राजस्थानी वास्तुकलेची आठवण करून देणारे महाल, भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं आणि अधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेली गोष्ट. कुडाळजवळच्या पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल. वरून दुर्गा आणि विष्णू राजीकडे पाहत आपसात बोलत असतात, त्यात एकमेकांना कोपरखळ्याही मारतात.

मग डोकं कुठे फिरतं?

लढाईच्या गेममध्ये खेळाडूचा एक अलिखित करार असतो : मी हरलो तर चूक माझी असली पाहिजे. हा करार मोडला की चिडचिड सुरू होते. ‘राजी’त तो मोडतो तो तीन जागी.

एक, प्रतिसाद. बटण दाबल्यावर पात्राची हालचाल सुरू होते आणि ती पूर्ण होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही. अनुभवी स्टुडिओ वार अर्धवट सोडून उडी मारून निसटायची मुभा नेमकी कुठे द्यायची हे महिनोन् महिने घासून ठरवतात. ‘राजी’त ही घासणी कमी पडली. खेळाडूला धोका दिसतो, तो बटणही दाबतो, पण राजी हलेपर्यंत फटका बसलेला असतो.

दोन, कॅमेरा. तो लांब असल्याने दृश्य भव्य दिसतं, पण तो खेळाडूच्या हातात नाही. गर्दीत राजी मुंगीएवढी होते आणि उडी मारताना अंतराचा अंदाज चुकतो. जे गेमचं सौंदर्य आहे, तेच लढाईत आड येतं.

तीन, तोचतोचपणा आणि शेवट. चौकात शिरलं की वाटा बंद होतात, शत्रू संपवले की उघडतात, हेच चक्र पुन्हा पुन्हा येतं. आणि पाच-सहा तासांत, रंगात येता येता, गोष्ट अर्ध्यावर सोडून गेम संपतो.

यामागचं कारण काय?

मोठं कारण पैसा आणि माणसं. 2017 मध्ये स्टुडिओने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ठरलेली रक्कम जमली नाही आणि किकस्टार्टरच्या नियमाप्रमाणे मग काहीच हाती येत नाही. पुढे एपिक गेम्सचं अनुदान आणि प्रकाशक मिळाला तेव्हा काम मार्गी लागलं. 18 ऑगस्ट 2020 ला गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि 15 ऑक्टोबरला कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. शेकडो माणसांच्या कंपन्यांशी मूठभर माणसांची ही स्पर्धा होती. चित्रं एकदा काढली की झाली, लढाई मात्र हजार वेळा खेळून दुरुस्त करावी लागते. वेळ कमी असला की पहिला फटका तिलाच बसतो.

स्टुडिओने टीका कानाआड केली नाही. 2022 च्या सुधारित आवृत्तीत लढाईत बदल झाले आणि हिंदी आवाजही आला. पुढचा भाग ‘राजी : कलियुग’ही जाहीर झाला आहे.

आपल्या मातीत असा गेम होऊ शकतो?

साहित्याची कमी नाही. अहिल्यानगरचा भुईकोट किल्लाच घ्या. 1595-96 च्या वेढ्यात शहजादा मुरादच्या मुघल फौजेने तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. चांदबीबी स्वतः तिथे उभी राहून लढली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. भुयारात सुरुंग शोधायचे, दिवसा खिंडार लढवायचं, रात्री तट बांधायचा. गेमचे टप्पे जवळजवळ तयारच आहेत.

पण नुसती गोष्ट चांगली असून भागत नाही, हाच ‘राजी’चा धडा आहे. गोष्टीमुळे लोक गेम घेतात. तो शेवटपर्यंत खेळला जातो तो बटण दाबल्यावर पुढच्या क्षणी काय होतं त्यावर. ‘राजी’ घ्यायचा असेल तर सुधारित आवृत्तीच घ्यावी आणि शक्यतो कंट्रोलरवर खेळावी. सुंदर पाच-सहा तास नक्की मिळतील, थोडा संयम मात्र घरूनच आणावा लागेल.